रुद्रम्माची तीट

१

सोमवारच्या अभिषेकाला आलेल्या जंगमस्वामींनी गुंडाप्पा आडत्यांच्या देवघरातला नंदी नेहमीसारखा दम लावून उचलला, आणि तो त्यांच्या नाकावर आपटता आपटता राहिला. तीन पिढ्यांचा भरीव चांदीचा नंदी तो. उचलताना स्वामींना दर वेळी कंबर सावरावी लागे. आज तो रिकाम्या तांब्यासारखा वर आला.

स्वामींनी पाठीवरची रेशमी झूल काढली आणि पळीच्या दांड्यानं खुरापाशी हळूच ओरखडा ओढला. चांदीच्या मुलाम्याखालून पिवळंधमक पितळ दिसलं. नंदी उलटा केला, तर पोटाखाली बोटाच्या पेराएवढा काळा ठिपका होता.

"ही तर रुद्रम्माची तीट!" गुंडाप्पा ओरडले, आणि ते ओरडणं चार घरं ओलांडून पेठेत गेलं.

मुरूम गावच्या पेठेत ही तीट ओळखत नाही असं माणूस शोधून सापडलं नसतं. दिवस लढाईचे होते. तांब्या-पितळेची नवी भांडी बाजारातून गडप झाली होती, लग्नं मात्र कुणाची थांबली नव्हती. अशा वेळी नवऱ्यामागं एकटी उरलेल्या रुद्रम्मानं ताडलं, की नवं मिळत नसेल तर जुनंच नवं करून द्यावं. भांडवल काय, तर चुलीतली राख, चिंच, रिठे आणि स्वतःची दोन मनगटं. बाजारच्या दिवशी तिनं पिंपळाखाली एक काळाकुट्ट हंडा मांडला आणि बरोबर अर्धाच घासला. अर्धा उन्हात डोळे दिपवतोय, अर्धा तव्याच्या बुडासारखा. थांबून बघणाऱ्या प्रत्येकाला ती एवढंच विचारी, "तुमच्या घरचा ह्यातला कंचा?" पुढच्या बाजारी दवंडीवाला पेठेतून हलगी बडवत गेला: "ऐका हो ऐका! भांडं तुमचं, राख रुद्रम्माची! आरशागत घासून मिळंल! आन् नजर लागू नये म्हनून तीट फुकट!"

तीट फुकट म्हटल्यावर बायका खूश झाल्या. हंडा असो, परात असो, बुडाशी पेराएवढी जागा ती न घासता काळीच ठेवी, बाळाच्या गालावर ठेवतात तशी. वर्षाच्या आत कडूबाई आणि कस्तुराबाई अशा दोघी तिच्या हाताखाली आल्या. तिघींच्या चुली त्या राखेवर पेटत होत्या, असं म्हटलं तरी चालेल.

आणि आता त्याच तिटेनं तिला गोत्यात आणलं होतं.

२

जमादार धोंडीबानं सरकारी नोकरीत केस पिकवले होते. तपासाची त्याची रीत सोपी होती. सगळे ज्याच्याकडं बोट दाखवतात त्याला धरायचं, म्हणजे चुकलं तरी आपण एकटे चुकत नाही. त्यात त्याचे वरिष्ठ, पोलीस अमीनसाहेब दौऱ्यावर निघाले होते आणि दिवेलागणीला मुरूमात पोचणार होते. त्यांच्यापुढं चोर उभा केला की झालं.

त्यानं जवान पाठवून रुद्रम्माला चावडीवर बसवलं. तिनं ना रडारड केली, ना शपथा घेतल्या. हातावरची ओली राख पदराला पुसत ती म्हणाली, "जमादार, बसते म्या. पर एक सांगते. भांडी घासनारीला लोक घरात घेत्यात ते हाताकडं बघून न्हाय, नजरंकडं बघून. तुमी मला दोरी लावून पेठंतनं न्हेली, की मागनं सुटले तरी कुनी दारात उभी करायचं न्हाय. माझं जाऊ द्या, माझ्यामागं त्या दोघी हायेत. दोरी लावायच्या आदी एकदा त्या घरात जाऊन बघून या. एवढंच मागते."

धोंडीबाला असल्या बोलण्याची सवय नव्हती. चोर एक तर पाय धरतात, नाहीतर अंगावर येतात. ही बाई तर कामावर पाठवल्यासारखी त्यालाच पाठवत होती.

"तू मला शिकवू नगंस," तो गुरगुरला, आणि गेला मात्र निमूट.

गुंडाप्पांच्या घरात सगळे बसून होते. गुंडाप्पांची बायको शांतम्मा हुंदके देत म्हणाली, "बेस्तरवारी परसात बदामाखाली बसून घासला की हो तिनं! म्या समोरच हुते. मधी घटकाभर शेजारी गेल्ते, तेवढंच. मग रेशमात गुंडाळून तिनं माझ्या हातात दिला, म्या भावजींच्या हातात."

"हातात घेतला तवा जड हुता का?"

"दोन हातानं धरला हुता, एवढं ध्यानात हाय. गाठोडं हो ते, कोन तोलून बघतंय?"

म्हणजे तेवढी घटका रुद्रम्माच्या विरोधात जात होती. धोंडीबानं स्वयंपाकघरात डोकावलं. मांडणीवरचे हंडे, घागरी, पराती एका ओळीत झळकत होत्या आणि प्रत्येकीच्या बुडाशी ती काळी तीट होती. स्वतःच्या घरची भांडी आठवून त्याला जरा शरमच वाटली. मग तो देवघरात शिरला. समया, घंटा, ताम्हन, पंचारती. त्यानं पंचारती हातात घेऊन उलटीपालटी केली. कुठं डाग नाही, कुठं ओरखडा नाही. कोपऱ्यात तोंडाला फडकं बांधलेला विभूतीचा रांजण होता. मनातल्या मनात त्यानं म्हटलं, चोर असेल, पण बाईच्या हाताला जवाब नाही.

"देवघर कुनाकडं?"

"माझ्याकडं," गुंडाप्पांचा धाकटा भाऊ महांतप्पा पुढं आला. कपाळभर विभूती, गळ्यात शिवदोरा, बोलणं सावकाश. रोज सकाळी दार लावून तासभर लिंगपूजा करणारा माणूस म्हणून पेठ त्याला मानायची. "किल्ली माझ्याजवळ, माझ्याशिवाय आत कुनी जात न्हाई. म्या सवता रोज आरती करतो, घंटा वाजिवतो. गाठोडं आलं तसं म्या ठिवलं, झूल घातली. उचलून बघायचं सुचलं न्हाई, माझीच चूक झाली."

"भावजींचं ध्यान लई खोल हो," शांतम्मा भक्तिभावानं म्हणाली. "भायेर घोरल्यागत आवाज येतो. आमी पाय सुदिक वाजवत न्हाय."

धोंडीबा मिशीत हसला. महांतप्पाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं आणि मनगटापर्यंत पुरळ उठलं होतं. तो दुसऱ्या हातानं मानही खाजवत होता.

"अंगठ्याला काय?"

"आरतीचा कापूर सांडला."

"भावजी मागत्यात म्हनून खोबरं उगाळून देते की चार दिवस," शांतम्मानं सांगितलं, "उतार पडंना."

धोंडीबानं गुंडाप्पांना छेडलं तेव्हा ते म्हणाले, "दिवाळीनंतर आमची वाटनी हाय, जमादार. दुकान, शेत, समदं निम्मं. नंदी तेवढा थोरल्याकडं, हा आमच्या घराचा रिवाज. माझ्याकडंच येनार हुता तो. आमचे वडील म्हनायचे, नंदी जिथं, बरकत तिथं." त्यांनी देवघराकडं बोट केलं. "ती बाई माझी बरकत घिऊन गेली."

३

परतताना धोंडीबाला बिराप्पा भांडेवाल्यानं हाक मारली. दुकानात चार पातेली आणि चाळीस माश्या होत्या.

"काय म्हंते भांडेवाली?" बिराप्पाच्या तोंडावर दिवाळी होती. "म्या पैल्यापासनं सांगतोय. जुनी भांडी नवी व्हायला लागली तर आमी काय माश्या माराव्या?"

"मुलामा कुठं चढवून मिळतो, बिराप्पा?"

"सोलापुरात. कितीक कारागीर हायेत. म्या परवाच्याला गेल्तो की..." बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं आणि तोंडावरची दिवाळी विझली. "मला गुंडाप्पाच्या वसरीपल्याड पाऊल टाकू देत न्हाईत, जमादार! इचारा कुनालाबी. देवघर कुठल्या दिशेला हाय ते ठाव न्हाय मला."

धोंडीबा चावडीवर आला तो डोकं भणाणलेलाच. सोलापूरला जाणारा बिराप्पा होता, नंदी परसात घेऊन बसणारी रुद्रम्मा होती. दोघांनी मिळून केलं असेल? पण ते तर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आणि काही म्हटलं तरी ती तीट होतीच. ऊन कलायला लागलं होतं.

त्यानं खोटा नंदी रुद्रम्माच्या पुढ्यात ठेवला. "बघ. तुझी खून हाय का न्हाय?"

रुद्रम्मानं नंदी उलटा केला. ठिपका नखानं चाचपला, नाकाशी नेऊन हुंगला. मग कनवटीला बांधलेली चिंच काढली, चिमूटभर राख घेतली आणि तो ठिपका घासू लागली. धोंडीबानं हात पुढं केला होता, पुरावा पुसते की काय म्हणून, पण तिचा हात चालताना बघून तो बघतच राहिला. त्या हाताला घाई नव्हती आणि दुसरीकडं लक्षही नव्हतं. घासून झाल्यावर तिनं पदरानं पुसलं. ठिपक्याभोवतीचा मुलामा फिका पडला होता आणि ठिपका होता तसाच काळाकुट्ट होता.

आणि रुद्रम्मा चक्क हसली.

"जमादार, माझी तीट म्हंजे काय? न घासलेली जागा. घासली की गेली. ही गेली का? न्हाय. ही वर चिकटिवलिया. नखाला उंचवटा लागतोय बघा."

"कशानं चिकटिवली?"

"सांगते. आदी एक सांगा. देवघरात गेल्ता न्हवं? आरती हातात घिऊन बघितली?"

"बघितली की. झकास घासलिया."

"तिला तीट कुठं हुती?"

धोंडीबानं रिकाम्या हातांनीच ती आरती हवेत पुन्हा एकदा उलटी केली, आणि जवानाला हाक मारली.

४

दिवेलागणीला अजून अवकाश होता. गुंडाप्पांच्या ओसरीवर सगळे पुन्हा जमले. बिराप्पालाही धोंडीबानं उचलून आणलं होतं. जंगमस्वामी तर सकाळपासून हललेच नव्हते. रुद्रम्मा ओसरीच्या पायरीखाली उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"अक्का," ती शांतम्माला म्हणाली, "दसऱ्याच्या आदी म्या तुमच्या समया घासल्या, तवा तुमी मला काय इचारलं हुतं?"

शांतम्मा आठवू लागली. "म्या म्हनलं, तीट इसरलीस की गं ह्यास्नी."

"आन् म्या?"

"तू म्हनलीस..." शांतम्माचे डोळे मोठे झाले. "तू म्हनलीस, देवाला कुनाची नजर लागंल, अक्का? तीट मानसाच्या भांड्याला. देवाच्या न्हाय."

धोंडीबा आत जाऊन घंटा, ताम्हन आणि पंचारती घेऊन आला आणि ती त्यानं स्वामींपुढं ठेवली. स्वामींनी एकेक उलटून पाहिलं. एकालाही तीट नव्हती.

"दवंडीत म्या एवढं बारीक सांगितलं न्हवतं," रुद्रम्मा म्हणाली. "दवंडी ऐकनाऱ्याला वाटनार, ही बाई समद्याला तीट लावते. म्हंजे नंदीला तीट लावनारा मानूस असा, की ज्यानं दवंडी ऐकली, पर माझं देवघरातलं काम बघितलं न्हाय. शांतम्माक्कांना ठाव हुतं, त्या लावनार न्हाईत. बिराप्पाला ठाव न्हवतं. पर बिराप्पा देवघरापतुर पोचला कसा? किल्ली एकाजवळ."

सगळ्यांच्या माना महांतप्पाकडं वळल्या.

"काय बोलतीस!" त्याचं सावकाश बोलणं कुठल्या कुठं गेलं. "म्या रोज तासभर देवापुढं असतो! मला दिसलं नसतं व्हय?"

"तेच म्हनते म्या," रुद्रम्मा म्हणाली. "रोज आरती हातात घेनाऱ्याला दिसलंच असतं. तुमाला दिसलं न्हाय. तासभर देवापुढं बसला, अण्णा, आन् देवाकडं बघितलंच न्हाय."

शांतम्माला ते घोरल्यागत येणारे आवाज आठवले असावेत. तिनं तोंडाला पदर लावला. हसायला की रडायला, ते तिचं तिलाच माहीत.

"पुरावा काय?" महांतप्पा ओरडला.

आता धोंडीबा पुढं झाला. चावडीवरून येताना त्यानं घरात पाहिलेलं ऐकून रुद्रम्मानं त्याला सगळं उलगडून सांगितलं होतं आणि निदान हा तुकडा तरी आपल्या तोंडून जावा अशी त्याची फार इच्छा होती. "काजळ लावलं तर अभिषेकाच्या पान्यात जाईल, म्हनून लावनाऱ्यानं काजळ लावलंच न्हाय. परीट कापडावर खून करत्यात तो बिब्बा लावला. धुतला तरी जात न्हाय. पर बिब्बा लई वंगाळ. हाताला लागला की उततो. फोड येत्यात, खाज सुटते, पुरळ वर चढतं. कापरानं भाजलं तर अंगठा भाजंल, महांतप्पा. मान कशी खाजंल?"

त्यानं जवळ जाऊन फडकं सोडलं. अंगठ्यावर काळसर डाग होता आणि भोवती फोडांची रांग. "आन् भाजल्यावर खोबरं कोन उगाळून लावतंय? त्यो उतारा बिब्ब्याचा."

महांतप्पानं अंगठा मुठीत दडवला.

"खोटा नंदी सोलापूरहून आनून ठिवलाच हुता," रुद्रम्मा सांगत राहिली. तिच्या आवाजात चीड नव्हती, जरासं दुःखच होतं. "पर नवा कोरा नंदी जुन्या जागी ठिवला तर चमक डोळ्यात भरंल. मग म्या घासायला आले. समदंच चमकायला लागलं. आता कोन वळखनार? वाटनीत थोरले अप्पा खोटा घिऊन जातील, खरा तुमच्याकडं ऱ्हाईल. आन् कुनी उलटून बघितलंच, तर तीट हाय, म्हंजे रुद्रम्मानं घासलेला त्योच हा. आन् उचलताना हलका लागलाच, तर चोरबी रुद्रम्माच."

"खरा कुठं हाय?" गुंडाप्पा कसेबसे म्हणाले.

रुद्रम्मानं हात झाडले. "ते बघू. आदी हा बिब्बा काढते. चुलीची राख जाड पडंल, बारीक राख लागंल. अक्का, देवघरातल्या रांजनातली मूठभर विभूती देता?"

"त्या रांजनाला हात लावू नका!" महांतप्पा किंचाळला. "देवाची विभूती हाय ती!"

देवाच्या विभूतीनं भांडं घासावं म्हणणं हा खरं तर मोठाच अधर्म. पण त्यावर रागवायला हवे होते जंगमस्वामी, आणि ते शांत बसले होते. रागावला तो एकटा महांतप्पा. रुद्रम्मानं धोंडीबाकडं नुसतं पाहिलं. तो जोडे काढून आत गेला, फडकं सोडलं, खांद्यापर्यंत हात रांजणात घातला आणि बाहेर आला तेव्हा मिशांसकट पांढरा झाला होता. त्याच्या दोन्ही हातांत, कंबर वाकवणारा, राखेनं माखलेला नंदी होता.

स्वामी म्हणाले, "शिवा शिवा," आणि उठून आधी त्यांनी आपली कंबर सावरली.

५

गुंडाप्पा पायरी उतरून खाली आले. "रुद्रम्मा, माझं चुकलं. काय भरपाई सांगशील ती..."

"भरपाई नगं, अप्पा. सकाळी तुमी वरडला ते समद्या पेठंनं ऐकलं. आता तेवढ्याच मोठ्या आवाजात दुसरं ऐकू द्या. दवंडी तुमची."

धोंडीबानं मनात हात जोडले. बाईनं बदनामीचीच जाहिरात करून घेतली होती!

अमीनसाहेब आले तेव्हा तक्रार उरली नव्हती. नंदी घरातच सापडला, भांडण घरचं. गुंडाप्पांनी भावाला दोरी लागू दिली नाही, पण देवघराचं दार तेव्हापासून उघडं राहू लागलं, आणि पंचारती महांतप्पाच्या हातात आहे ना, हे शांतम्मा दारातून बघायची.

बाजारच्या दिवशी दवंडीवाला हलगी बडवत निघाला आणि त्याच्या बरोबरीनं फेटा बांधलेले गुंडाप्पा स्वतः चालत होते. "ऐका हो ऐका! गुंडाप्पा आडत्याचा नंदी घरातच घावला! रुद्रम्मा निर्दोस! घरच्या भांड्याला तीट, देवाच्या भांड्याला बिनतीट, दोन्ही कामं आरशागत!" पिंपळाखाली अर्ध्या हंड्याभोवती त्या दिवशी एवढी गर्दी झाली, की कडूबाईला लोकांना ओळीत बसवावं लागलं. गर्दीत बिराप्पाही होता. दुकानातली काळवंडलेली चारही पातेली तो घेऊन आला होता, आणि इकडंतिकडं बघत उभा होता.

सगळे पांगल्यावर धोंडीबा आला. त्यानं कमरेचा पट्टा सोडला आणि त्यावरचा सरकारी पितळी बिल्ला पुढं केला. वर्षानुवर्षांच्या घामानं तो काळा पडला होता.

"तुमाला सवड असंल तर," तो म्हणाला. त्या सोमवारी चावडीवर त्यानं तिला 'तू' म्हटलं होतं, हे त्या दोघांच्याही ध्यानात होतं.

रुद्रम्मानं तिथंच बसून बिल्ला घासला. चिंच, राख, मग कोरडं फडकं. धोंडीबानं आपल्या अख्ख्या नोकरीत त्याला एवढा लखलखीत पाहिला नव्हता. त्यानं हौसेनं तो उलटा केला. मागच्या बाजूला, कडेशी, पेराएवढी काळी तीट होती.

"सरकारी चीज हाय, अक्का," तो जरा हिरमुसून म्हणाला. "हिला तीट कशाला?"

"ऱ्हाऊ द्या," रुद्रम्मा राख झाडत उठली. "वाटंल कवा, की आपुन चुकत न्हाय, तवा उलटून बघा. तीट मानसाच्या चिजंला. देव न्हाय तुमी, जमादार."

धोंडीबानं बिल्ला पट्ट्याला लावला, तीट आतल्या बाजूला, पोटाशी. पेन्शनीत निघेपर्यंत त्यानं ती पुसू दिली नाही. कुणावर दोरी टाकायच्या आधी मात्र त्याचा अंगठा पट्ट्याच्या आत जाई आणि ती जागा चाचपून येई.